‘द हंगर गेम्स’चा तीन पुस्तकांचा संच : आखाड्यापेक्षा चिठ्ठ्यांचा हिशेब भारी

निवडक मुलांना आखाड्यात सोडायचे आणि एकच जिवंत उरेपर्यंत झुंजवायचे, या कल्पनेवरच्या किशोरकादंबऱ्यांची आता इतकी गर्दी झाली आहे की, सुझान कॉलिन्स यांचा हा संच भाचीसाठी सीताबर्डीवरच्या दुकानातून घेताना माझ्या फारशा अपेक्षा नव्हत्या. शिवाय ही कल्पना मुळात त्यांची एकटीची नव्हे. कौशुन ताकामी यांच्या १९९९ सालच्या जपानी कादंबरीत शाळेचा अख्खा वर्गच एका बेटावर असा झुंजवलेला आहे. तरीही २००८ साली आलेला या मालिकेचा पहिला भाग आजही वाचावासा वाटतो, आणि त्याचे श्रेय मी आखाड्याला नव्हे, तर आखाड्यापर्यंत नेणाऱ्या सोडतीला देईन.

कॅपिटल या राजधानीच्या ताब्यातील बारा जिल्ह्यांपैकी प्रत्येकातून दरवर्षी १२ ते १८ वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडली जाते. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी ती अठराव्या वर्षी सातवर जाते. इथपर्यंत सगळे समान आहे. परंतु घरात खायला नसेल, तर जादा चिठ्ठी टाकून एका माणसापुरते वर्षाचे जेमतेम धान्य आणि तेल मिळते, आणि या जादा चिठ्ठ्याही वर्षागणिक साठत जातात. त्यामुळे सोळा वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या, नावाच्या वीस, तर मोठे कुटुंब पोसणाऱ्या तिच्या मित्राच्या बेचाळीस चिठ्ठ्या आहेत. गरिबाचा जीव कायदेशीर मार्गाने स्वस्त कसा करता येतो, हे लेखिकेने भाषणबाजी न करता निव्वळ बेरजेतून दाखवले आहे. आणि एवढा हिशेब मांडून झाल्यावर निघते ती कॅटनिसच्या धाकट्या बहिणीची एकुलती एक चिठ्ठी.

कॅटनिसचा बारावा जिल्हा कोळशाचा आहे. उमरेड-सावनेरकडच्या खाणी आणि कोराडीची धुराडी पाहत वाढलेल्या नागपूरकराला तो परका वाटणार नाही. तिचे वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले आहेत आणि कोळसा काढणाऱ्यांच्या घरांत वीज मात्र संध्याकाळी काही तासच येते. भारनियमनाच्या दिवसांत आपल्याकडेही हेच बोलले जाई.

आखाड्यातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रसंग मारामारीचा नाही. अकराव्या जिल्ह्यातल्या लहानग्या रूच्या मृतदेहाभोवती कॅटनिस फुले मांडते, आणि त्यानंतर त्या जिल्ह्याचे लोक तिला पाव पाठवतात : रेशनच्या धान्याचा, काळसर, चंद्रकोरीच्या आकाराचा, वर बिया लावलेला. स्वतः अर्धपोटी असलेल्यांनी परजिल्ह्यातल्या मुलीसाठी पैसे जमवले, ही पुढच्या बंडाची खरी सुरुवात म्हणावी लागेल.

याउलट, खेळ चालू असतानाच नियम बदलण्याची युक्ती सोयीची वाटते. दुसऱ्या भागात पुन्हा आखाडाच येतो आणि दोन मुलांमध्ये अडकलेल्या नायिकेची घालमेल नको तितकी लांबते. तिसरा भाग युद्धाचा आहे. तो धाडसी असला तरी दमलेला वाटतो, आणि महत्त्वाची माणसे त्यात फार घाईने मरतात.

पुस्तकांची छपाई स्वच्छ आहे. बांधणी मात्र कच्ची असून पहिल्या भागाची पाने एका वाचनातच सुटू लागली. भाषा सोपी, वाक्ये आखूड असल्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या नववी-दहावीच्या मुलांनाही ती फारशी जड जाणार नाहीत. पाचवी-सहावीच्या मुलांच्या हाती मात्र हा संच देऊ नये. पहिल्या भागाच्या शेवटी जनावरांच्या तावडीत सापडलेल्या मुलाची रात्रभर चाललेली तडफड मोठ्यांनाही सोसत नाही. संच घेण्याऐवजी पहिला भाग सुटा मिळाला, तर आधी तेवढाच घ्यावा.