‘ओव्हरक्लॉक करून देतो’ म्हणून झालेली फसवणूक

कमी बजेटमध्ये गेमिंग कॉम्प्युटर बांधून घेणाऱ्या कोल्हापुरातल्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय. २०२३ च्या उन्हाळ्यात राजारामपुरीतल्या एका दुकानानं माझ्या धाकट्या भावाला शेहेचाळीस हजारांचं मशीन दिलं आणि त्यात जे सांगितलं होतं त्यातलं निम्मंसुद्धा घातलं नाही. पैसे त्याचे स्वतःचे होते, शिकवण्या घेऊन साठवलेले. म्हणून राग अजून जात नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कोटेशन असं होतं: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, सोळा जीबी रॅम, आरएक्स ५८० आठ जीबी ग्राफिक्स कार्ड, साडेपाचशे वॅटचा पॉवर सप्लाय. खाली वेगळी ओळ, ‘ओव्हरक्लॉकिंग चार्ज २,५००’, म्हणजे प्रोसेसर कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगानं चालवून देण्याचे पैसे.

मशीन ताब्यात देताना दुकानदारानं टास्क मॅनेजर (विंडोजमध्ये प्रोसेसरचा वेग दिसतो ती खिडकी) उघडून स्क्रीनवर बोट ठेवलं. “दादा, हे बघा, चार पॉइंट टू! बेस थ्री पॉइंट सिक्स असतोय. कंपनी एवढं देत न्हाई, आम्ही काढून देतो.” पोरगं खूश. पण रायझन ५ ३६०० चा बेस क्लॉक (नेहमीचा वेग) ३.६ गिगाहर्ट्झ आणि कमाल बूस्ट (तात्पुरता वाढणारा वेग) ४.२ हे तो बनवणाऱ्या एएमडी कंपनीनंच जाहीर केलेले आकडे आहेत. प्रोसेसर थंड असला, लोड हलका असला की तो आपोआप तिथं जातो. त्याला कुणी हात लावावा लागत नाही. अडीच हजार रुपये त्या आकड्याकडे बोट दाखवण्याचे घेतले.

घरी आल्यावर गेम सुरू केला की थोड्या वेळात मशीन धाडकन बंद. ब्लू स्क्रीन नाही, एरर नाही, थेट अंधार. दुकानात फोन केला तर म्हणे, “उन्हाळा हाय, खोलीत फॅन लावा.” उद्यमनगरात माझा एक मित्र इलेक्ट्रिकल पॅनेलचं काम करतो. त्याच्यासमोर कॅबिनेट उघडलं आणि एकेक प्रकरण बाहेर यायला लागलं.

पॉवर सप्लायवर ठळक ‘५५०W’. त्याच स्टिकरच्या खालच्या तक्त्यात +१२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळा भार ह्याच बारा व्होल्टवर टाकतात. आरएक्स ५८० एकटं १८५ वॅटचं कार्ड आहे, ३६०० पूर्ण लोडवर ८८ पर्यंत जातो. मशीन बंद पडणारच होतं. त्यात कार्डाला लागणारी आठ पिनची वायर त्या सप्लायला नव्हतीच, दोन मोलेक्स (चार पिनचे जुन्या पद्धतीचे कनेक्टर) जोडून अडॅप्टर लावला होता. मित्रानं ते कनेक्टर हातात घेतलं तर एका पिनेजवळचं प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं. शेजारीच भावाची वह्या-पुस्तकं असतात.

मदरबोर्डवरचं नाव ग्राफिक्स कार्डाखाली झाकलं गेलं होतं. कार्ड काढल्यावर दिसलं, बी४५० नाही, ए३२०. सीपीयू-झेड ह्या पार्टची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तेच. ए३२० आणि ए५२० चिपसेटवर (बोर्डावरची मुख्य चिप) एएमडीनं प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोयच ठेवलेली नाही, त्यासाठी बी३५०, बी४५०, बी५५० किंवा एक्स मालिकेतला बोर्ड लागतो. म्हणजे ज्या कामाचे पैसे घेतले ते त्या बोर्डावर होऊच शकत नाही, आणि हे दुकानदाराला माहीत नसणं शक्य नाही. (इंटेल घेणाऱ्यांनीही बघून घ्या: नावापुढे ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेतला बोर्ड, दोन्ही लागतात. एकावर काम भागत नाही.)

रॅम तेवढी खरी निघाली.

ग्राफिक्स कार्डावर सगळ्यात जास्त पैसे गेले होते. ‘जुना स्टॉक, पण सीलबंद’ असं सांगितलं होतं. ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड चालवलं तर शेडर्स, म्हणजे कार्डातली चित्राची गणितं करणारी छोटी एककं, २०४८. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ वालं कार्ड २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी आलं. नाव ५८० चं, आत ५७० ह्या खालच्या कार्डाच्या तोडीचं. त्याहून वाईट म्हणजे ते वापरलेलं होतं. थर्मल पॅडमधून (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्टीतून) तेल सुटून बोर्डावर चिकट थर जमला होता, त्यात बारीक धूळ रुतलेली, स्क्रूच्या खाचा झिजलेल्या. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग (कार्डाला गणितं करायला लावून चलन कमावणं) संपलं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. जुनं म्हणून जुन्याच्या भावात विकलं तर काही तक्रार नाही. आम्हाला नव्याच्या भावात विकलं.

दुकानात गेलो तेव्हा त्यानं पावती मागितली. पावतीवर एकच ओळ: ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’. “ह्यात बी४५० कुठं लिवलंय, दाखवा की.” सगळा खेळ ह्या एका ओळीसाठी होता. कोटेशन फोनवर, पावती मोघम. बरीच खडाजंगी झाल्यावर पॉवर सप्लाय तेवढा बदलून मिळाला.

मग १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि तिथं काही निष्पन्न होईना म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही. अर्जाला व्हॉट्सअ‍ॅपचं कोटेशन, यूपीआयची नोंद, स्टिकरचे आणि वितळलेल्या कनेक्टरचे फोटो जोडलेत. दुकानदारानं ‘ओव्हरक्लॉकिंग चार्ज’ स्वतःच्या हातानं टाइप केलाय, त्याचा स्क्रीनशॉट पहिल्या पानावर लावलाय.

तुम्ही घ्यायला जाणार असाल तर पैसे देण्याआधी पावतीवर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, खोके मागून घ्या, आणि सीपीयू-झेड, जीपीयू-झेड पेन ड्राइव्हवर नेऊन दुकानातच चालवा. दोन्ही फुकट आहेत. चालवू देत नसेल तर उठा, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत दुसरी दुकानं आहेत. आणि ह्या बजेटमध्ये ओव्हरक्लॉकिंगसाठी वेगळे पैसे कुणालाही देऊ नका, तेच पैसे चांगल्या पॉवर सप्लायमध्ये घाला. ज्यांना असंच मशीन आधीच मिळालंय त्यांनी दुकानदाराबरोबरचे चॅट डिलीट करू नयेत.