कौलं, पत्रा की स्लॅब? पुण्यातल्या जुन्या घराचं छप्पर बदलताना

जुनं कौलारू घर आहे, दर पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागतात, आता छप्पर बदलायचंच असं ठरलंय पण नक्की काय टाकायचं आणि काम कुणाला द्यायचं यावर गाडी अडलीय, अशांसाठी हे लिहितेय. आमचं कसब्यातलं घर याच चक्रातून गेलंय.

पहिली गोष्ट, कौलं की पत्रा हा प्रश्न नंतरचा, आधी लाकूड बघा. आमच्याकडे पहिले दोन कॉन्ट्रॅक्टर अंगणातूनच मान वर करून रेट सांगून गेले. तिसरे मिस्त्री वयस्कर होते, ते शिडी लावून माळ्यावर चढले आणि वासे जिथे भिंतीवर टेकतात तिथे एकेका वाशाला स्क्रू ड्रायव्हर टोचत गेले. सात वासे टणक लागले, आठव्यात तो मुठीपर्यंत आत गेला, आणि बाहेरून तो वासा एकदम धड दिसत होता. "ताई, पाणी टोकालाच मुरतं आणि वाळवी भिंतीतनंच चढते, मधे बघून काही कळत नाही," म्हणाले. आम्ही काम त्यांनाच दिलं ते तिथेच ठरलं होतं खरं तर.

तर लाकूड बहुतेक चांगलं असेल, चार-सहा वासे आणि रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्या) बदलून भागत असेल, तर माझं मत कौलांच्याच बाजूने. मंगलोरी कौल, 1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनचं, त्याची गंमत त्याच्या खाचेत आहे, एक कौल दुसऱ्यात नुसतं अडकून बसतं, त्यामुळे एखादं फुटलं तर तेवढंच काढून नवं सरकवता येतं. एप्रिल-मेच्या दुपारी खालच्या खोलीत बसवतं आणि पावसाचा आवाज सहन होण्याइतका असतो. पण दरवर्षी मेमध्ये शाकारणी करावी लागते, माणूस वर चढवून सरकलेली कौलं परत बसवायची, पन्हळीतला कचरा काढायचा, आणि हे काम करणारी माणसं आता पेठांमध्येसुद्धा शोधावी लागतात. शेजारी बिल्डिंगचं काम चालू असेल तर वरून विटांचे तुकडे पडून कौलं फुटतात, हे आम्ही दोन वर्षं भोगलंय. आणि उतार कमी असेल, साधारण 25 अंशांच्या आत, तर कौलांच्या नादी लागू नका, पाणी उलटं आत शिरतं.

लाकूड गेलेलं असेल तर हिशोब बदलतो, आणि इथे वजनाचा आकडा बघा. आमचं घर 20 बाय 30 फूट, म्हणजे 600 चौरस फूट. चारी बाजूंनी दोन-दोन फूट वळचण धरली की 24 बाय 34, म्हणजे 816, आणि पाख्याचा उतार 30 अंश असेल तर प्रत्यक्ष छप्पर साधारण 942 चौरस फूट भरतं. त्याला 1300 च्या वर कौलं लागतात आणि त्यांचंच वजन सव्वातीन टनांच्या आसपास जातं. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा तेवढ्यालाच जेमतेम 400 किलो. मातीत बांधलेल्या जुन्या भिंती थकल्या असतील तर लोखंडी पाइपच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि पत्रा हाच शहाणा रस्ता, पण मग पत्र्याखाली इन्सुलेशन घ्याच. पैसे वाचवायला ते सोडलं तर उन्हाळ्यात वरच्या खोलीत कुणी बसत नाही, आणि जोराच्या पावसात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येत नाही. पुढेमागे सोलर बसवायचा असेल तर ते कैच्या बनवायच्या आधीच सांगा, वजन तेव्हाच धरता येतं.

सिमेंटचा पत्रा स्वस्त पडतो, पण त्यात ॲस्बेस्टॉस असतं का ते स्पष्ट विचारा, मी तरी घरावर घालणार नाही. जुना काढायचा असेल तर फोडून खाली टाकू देऊ नका, पाणी मारून अख्खाच उतरवायला लावा, त्याची धूळ फुप्फुसात जाणं घातक असतं.

स्लॅबबद्दल थोडक्यात सांगते. 600 फुटांवर पाच इंची स्लॅब म्हणजे 17 टनांच्या वर, ते मातीच्या भिंती पेलत नाहीत, म्हणजे कॉलम आले, इंजिनिअर आला, महापालिकेची परवानगी आली. ते छप्पर बदलणं नाही, नवं घर बांधणं आहे. वाडा हेरिटेज यादीत असेल तर कशालाही हात लावायच्या आधी महापालिकेत चौकशी करा.

आता कोटेशन. वरचे आकडे मुद्दाम दिले, कारण एक जण 600 वर रेट लावतो आणि दुसरा 942 वर, त्यामुळे चौरस फुटाचा भाव बघून स्वस्त-महाग ठरवता येतच नाही. दोघांनाही एकच माप द्या आणि एकूण रक्कम जीएसटीसकट लिहून मागा. पत्र्याची जाडी लिहून घ्या, ती कोटिंगसकट की कोटिंग सोडून तेही लिहून घ्या, माल आला की मागच्या बाजूला छापलेलं वाचा. आणि जुनं लाकूड कुणाचं, हे कागदावर आलंच पाहिजे. जुन्या सागवानाला आजही चांगला भाव मिळतो, आमच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचा रेट इतका कमी का होता ते लाकूड त्याच्याकडे जाणार होतं हे कळल्यावर समजलं.

फॅब्रिकेटरला, म्हणजे लोखंडी सांगाडा आणि पत्रे बसवणाऱ्याला, मटेरियलसकट काम दिलं तर पत्र्याचं काम चार-पाच दिवसांत उरकतं आणि डोक्याला ताप कमी. सुतार-मिस्त्री मजुरीवर घेतले तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला चकरा तुमच्या, पण लाकूड तुम्ही निवडता. कौलांसाठी मी मजुरीचंच सांगेन, पत्र्यासाठी फॅब्रिकेटर. मात्र तो काम करताना वर लक्ष ठेवा. माझ्या मावशीकडे धायरीला पत्रे छपरावरच ग्राइंडरने कापले, ठिणग्यांनी रंग जळाला, लोखंडाचा कीस तसाच पडून राहिला आणि दुसऱ्या पावसाळ्यात ठिपक्या-ठिपक्यांनी गंज आला. स्क्रू इतके आवळले होते की खालचे रबरी वॉशर चिरले, तिथूनच गळती. पुण्यात पाऊस पश्चिमेकडून मारतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून टाकत यायचे, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला येत नाही. हे विचारल्यावर जो लगेच मान डोलावतो त्याला काम येतं असं समजायला हरकत नाही.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि निदान दहा टक्के पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा, हेही आधीच लिहून. काम जानेवारी-फेब्रुवारीत ठरवा, मार्च-एप्रिलमध्ये उरका. मे हातात आहे असं धरू नका, वळीव कधीही येतो आणि 2025 साली तर मान्सूनच 26 मेला पुण्यात पोचला होता.

कौलं घेतलीत तर लागतात त्यापेक्षा शंभरेक जास्त घ्या, त्याच कारखान्याची, आणि माळ्यावर उभी रचून ठेवा. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खाच जुळत नाही, आमच्याकडे जादा घेतलेल्यातली नऊ पहिल्याच वर्षी लागली.