एकत्र स्वयंपाकासाठी ‘रुचिरा’

एकट्याने वापरायचे पाककृतींचे पुस्तक आणि दहा-बारा जणांनी मिळून वापरायचे पुस्तक यांच्या कसोट्या वेगळ्या असतात. घरी एकच व्यक्ती स्वयंपाक करते तेव्हा पुस्तकातले प्रमाण थोडे मोघम असले तरी तिचा हात ते सावरून घेतो. गटात मात्र डाळ एक जण शिजवतो, फोडणी दुसरा करतो, चिंच-गूळ तिसरा घालतो आणि प्रत्येकाचा अंदाज वेगळ्या घरातून आलेला असतो. इंदुरातल्या आमच्या गटात रामबागेतल्या जुन्या मराठी घरांतल्या काकू आहेत, नोकरीनिमित्त पुण्याहून आलेली तरुण जोडपी आहेत आणि मराठी घरात सून म्हणून आलेल्या माळवी मुलीही आहेत. अधूनमधून एकत्र जमून एक पूर्ण जेवण रांधायचे आणि सगळ्यांनी एकाच पुस्तकाबरहुकूम रांधायचे, असे ठरले, तेव्हा कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’वर एकमत झाले. बरेच पदार्थ करून पाहिल्यानंतर आज मी ही निवड इतर गटांनाही मनापासून सुचवीन. मात्र हे पुस्तक गटात वापरण्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते, आणि ती कोणती ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

या पुस्तकाचे सर्वांत मोठे बळ त्याच्या मापांत आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले, तेव्हापासून मराठीत पाककृतींची पुस्तके आहेत; परंतु जुन्या पुस्तकांतली शेर, पावशेर, तोळे ही मापे आजच्या स्वयंपाकघरात कुणाकडेच नाहीत. १९५६च्या कायद्यानंतर दशमान पद्धत रुजत गेली आणि दुकानदाराकडे किलोग्रॅम आले, तरी ओट्याशी उभी असलेली बाई तराजू घेऊन बसत नव्हती. १९७० साली ‘रुचिरा’ आले ते वाटी आणि चमचा ही मापे घेऊन, आणि माझ्या मते त्याच्या अफाट खपाचे एक मोठे कारण हेच असावे. वाटी प्रत्येक घरात असते. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात ते पुस्तक दिले, तर पहिल्या ओळीपासून काय घ्यायचे याविषयी मनात शंका राहत नाही.

गटात मात्र लगेच प्रश्न उभा राहतो, की वाटी कोणाची? आमच्याकडे जमलेल्या वाट्यांत पाणी भरून पाहिले, तेव्हा लहान वाटीत आणि मोठ्या वाटीत दीडपटीहून अधिक फरक निघाला. एकाच वाटीने सगळे मोजले तर त्याने बिघडत नाही, कारण कृतीत महत्त्व परस्पर प्रमाणाला असते. पण एकाने बेसन आपल्या वाटीने आणि दुसऱ्याने साखर आपल्या वाटीने मोजली, की वडी हमखास फसते. म्हणून गटासाठी एक वाटी, एक मोठा चमचा आणि एक लहान चमचा अशी मापे ठरवून ती वेगळी ठेवावीत आणि दुसरी कुठलीही भांडी मापाला वापरू नयेत. बाजारात मिळणारा २४० मिलिलिटरचा कप वाटीऐवजी घेतला तरी चालतो, फक्त मग कृतीतली प्रत्येक वाटी म्हणजे तोच कप हे सर्वांना ठाऊक हवे. वाटीचे माप आकारमानाचे आहे, वजनाचे नव्हे, हेही नवख्यांना आधीच सांगावे: वाटीभर बेसन वजनात वाटीभर साखरेच्या जवळपास निम्मेच भरते, त्यामुळे खरेदीची यादी करताना दोन्हींना एकच वजन लावून चालत नाही.

दुसरी तयारी प्रमाण वाढवण्याची. पुस्तक कुटुंबासाठी लिहिलेले आहे, पंगतीसाठी नव्हे, आणि पटीत वाढवणे हा सरळ गुणाकार नसतो. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी पुरते म्हणून दहा वाट्यांना वीस घातल्या, तर मसालेभाताचा गिचका होतो, कारण मोठ्या पातेल्यातून वाफ होऊन जाणारे पाणी तांदळाच्या मानाने कमी असते. फोडणीच्या तेलाचे तसेच. हिंग, लवंग आणि तिखट अर्ध्यापासून सुरू करून चव घेत वाढवावे, आणि मीठ घालण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. दोघांनी घातलेले मीठ काढता येत नाही. पाकाच्या पदार्थांत तर मोठे पातेले विस्तवावरून उतरवल्यावरही पाक आतल्या उष्णतेने पुढे जात राहतो, म्हणून एकतारी पाक हवा असेल तर थोडा अगोदरच थांबावे लागते. चकल्या, करंज्या तळताना कढई मोठी घेऊन एकदम भरणे टाळावे. तेल गार होते आणि माल तेलकट निघतो.

गटाला पुस्तकाचा खरा आनंद कुठे मिळतो, तर ज्या पदार्थांत कामे स्वाभाविकपणे वाटली जातात तिथे. पुरणपोळी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. एकाने हरभऱ्याची डाळ शिजवून कट काढायचा, दुसऱ्याने गूळ घालून पुरण आटवायचे, तिसऱ्याने ते गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचे, चौथ्याने कणीक सैल मळून तेल लावत तिंबायची; आणि तेवढ्यात आमसुलाची किंवा चिंचेची कटाची आमटी दुसऱ्या शेगडीवर उकळू लागते. आमच्या गटात पोळी लाटायला धास्तावणाऱ्या मुलींनी आधी पुरण आटवणे शिकून घेतले, उलथने पुरणात उभे राहिले की ते झाले ही खूण काकूंनी दाखवली, आणि मग पुस्तकातली ओळ त्यांना आपोआप समजली. लिहिलेली कृती आणि शेजारी उभा असलेला अनुभवी हात एकत्र आले, की शिकणे किती लवकर होते, हे मी इतके स्पष्टपणे दुसरीकडे पाहिले नाही.

इंदूरच्या बाजाराचा विचार केला, तर अडचण थोडीच येते. ओला नारळ मिळतो, पण कोकणातल्यासारखा सढळ हाताने वापरावा असा तो इथे स्वस्त नाही. आमसूल आणि तिरफळ महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांकडून मागवणे बरे. गोडा मसाला विकत न आणता गटानेच एकदा पुस्तकाप्रमाणे भाजून-कुटून ठेवावा, म्हणजे पुढच्या सर्व आमट्या-उसळींना एकच चव राहते. उलट, ज्या पदार्थांवर इथली मराठी घरे पोसली गेली, त्यांतले भुट्ट्याचा कीस, दाल-बाफले, गराडू हे पदार्थ महाराष्ट्रातल्या पुस्तकात शोधू नयेत. त्यांसाठी आमच्या माळवी वहिनींनीच कृती सांगितल्या आणि आम्ही त्या ठरलेल्या वाटीने मोजून वहीत उतरवून घेतल्या: कोवळा भुट्टा किसायचा, तुपात हिंग-जिरे-मिरचीची फोडणी करून कीस परतायचा आणि मग दूध घालून मंद आचेवर शिजवायचा. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, मिळतो त्याच्या जवळ जाणारा कीस आमच्याकडे आता खात्रीने होतो.

आणखी एका पुस्तकाचा विचार झाला होता. रतलामजवळच्या सैलाना संस्थानचे दिग्विजयसिंह यांचे राजघराण्यातल्या पाककृतींचे इंग्रजी पुस्तक माळव्याचे म्हणून जवळचे वाटते आणि संग्रहात असावे असेच ते आहे. परंतु त्यात मांसाहारी पदार्थांचा वाटा मोठा असल्याने आमच्यासारख्या बहुतांश शाकाहारी गटाला ते नित्याचे पुस्तक म्हणून सोयीचे पडले नसते.

भाषेची अडचण अपेक्षेपेक्षा कमी आली. इंदुरातल्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी सहज वाचता येते. अडते ते ‘परतणे’, ‘तिंबणे’, ‘वाळवणे’ अशा क्रियांपाशी, आणि एका मोठ्या माणसाने कृती आधी मोठ्याने वाचून दाखवली की तेही सुटते. हे वाचन कामाला हात लावण्यापूर्वी पूर्ण करावे, कारण भिजवण्याचा, मुरवण्याचा वेळ कृतीच्या मध्येच येतो आणि शेगडी पेटवल्यावर तो लक्षात आला तर जेवण लांबते.

गटासाठी दोन प्रती घ्याव्यात: एक ओट्याजवळ वापरायला आणि एक सामानाची यादी करणाऱ्याकडे. सुरुवात कोशिंबीर, आमटी, मसालेभात आणि एखादी सुकी भाजी अशा साध्या बेताने करावी, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पुरणपोळी घ्यावी आणि दिवाळीच्या आधी चकलीची भाजणी भाजायला सगळ्यांनी जमावे. अनारसे त्यानंतर, तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, सावलीत सुकवून कुटायचे, गूळ घालून पीठ काही दिवस ठेवायचे, आणि इतके दिवस ते कोणाच्या घरी, कोणाच्या देखरेखीखाली राहील हे गटाने आधी ठरवले पाहिजे.