भीमेची तब्येत किड्यांना विचारायची तर: जाळी, फळ्या की पंजा?

मंगळवेढ्याकडच्या एका कॉलेजातून विचारणा आली: भीमेतले किडे मोजून नदीची तब्येत बघायचीय, पैसे बेताचे आहेत, आधी काय घ्यावं?

किडे कशाला, पाण्याची बाटली लॅबला दिली की झालं, असं तिथं कुणीतरी म्हणणारच. पण बाटली त्या घटकेपुरतं बोलते. रात्री मळीचं पाणी सुटलं आणि सकाळपर्यंत वाहून गेलं, तर बाटलीला पत्ता नसतो. दगडाला चिकटून आठवडेच्या आठवडे काढलेल्या मेफ्लाय नावाच्या किड्याच्या पिल्लाला असतो.

हातजाळी सगळ्यांत स्वस्त. अर्धा मिलिमीटर छिद्रांची नायलॉनची जाळी शिवून घ्या, बंधाऱ्याखाली गुडघाभर वाहत्या पाण्यात जाळी धरून तिच्यापुढचे दगड तीन मिनिटं पायानं ढवळा आणि पांढऱ्या परातीत ओता. परात दोन मिनिटं हलवू नका. शेपटीला तीन केस, पोटाच्या दोन्ही अंगांना पानांसारखे कल्ले, असं काही सुळकन सरकलं की तो मेफ्लाय. लाल, वळवळणारी ती डासासारख्या पण न चावणाऱ्या माशीची अळी. तिच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी ती तग धरते. अडचण एकच, पण मोठी: ही पद्धत मुळात ओढ्यांची. भीमेच्या डोहात कुणी पाय टेकवून दाखवावा!

त्यासाठी फळ्या. हेस्टर आणि डेंडी यांनी 1962 मध्ये सुचवलेली युक्ती: हार्डबोर्डचे साडेसात सेंमीचे चौकोन मध्ये फटी ठेवून बोल्टात ओवायचे, पाण्यात सोडायचे आणि साधारण सहा आठवड्यांनी काढायचे. सगळीकडे जागा तेवढीच, म्हणून दोन ठिकाणांची तुलना चोख होते. गाळात राहणारे जीव मात्र फळीवर फारसे चढत नाहीत. आणि आपल्याकडे आवर्तनाचं, म्हणजे धरणातून ठरल्या वेळी सुटणाऱ्या पाण्याचं, काय? आम्ही एक संच काठावरच्या खांबाला बांधला होता. वरून पाणी सुटलं तेव्हा तो टिकला. पाणी उतरलं तेव्हा फळ्या उन्हात लोंबत होत्या आणि त्यांत कोळ्यानं घर केलेलं. तेव्हापासून आम्ही रिकाम्या कॅनखाली टांगतो, म्हणजे पातळीबरोबर फळ्याही वरखाली होतात.

पंजा, म्हणजे तळाचा गाळ उचलणारं यंत्र, तूर्त घेऊ नका. 15 बाय 15 सेंमीचा एकमन नावाचा पंजा मऊ गाळात ठीक. जबड्यात शिंपला अडकला की निम्मा नमुना वाटेतच गळतो. वाळूसाठी पोनार नावाचा जड पंजा लागतो, शिवाय होडी, नावाडी आणि गाळ धूत बसायला अख्खी दुपार. बरं, डोहाच्या गाळात गांडुळाच्या जातीचे किडे आणि लाल अळ्या असायच्याच. तेवढ्यावरून नदी मेली म्हणणं चूक.

माझं मत: पहिल्या वर्षी जाळी, दुसऱ्या वर्षी डोहात फळ्या. दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात घालू नका.

गुणांसाठी जुन्या ब्रिटिश तक्त्यात प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण असतात: घाण जितकी कमी सोसते, तितके गुण जास्त. समजा परातीत चार कुळं निघाली: बेटिड मेफ्लाय 4, जाळं विणणारा कॅडिस 5, लाल अळी 2, गांडूळवर्गीय 1. बेरीज 12, सरासरी 3, पाणी वाईट. पण थंड पाण्यातला स्टोनफ्लाय भीमेत सापडला नाही म्हणून गुण कापणं हा अन्याय. त्यापेक्षा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पद्धत आपल्याला बरी. तिच्यात कुळांच्या गुणांना विविधतेची जोड आहे आणि निकाल निळ्यापासून लालपर्यंत पाच रंगांत येतो. विविधतेसाठी नावंही लागत नाहीत: जीव एकेक करून उचलायचे, हा आधीच्यासारखा की वेगळा एवढंच बघायचं.

जागा निवडताना हत्तरसंग-कुडलला जा. तिथं सीना भीमेला मिळते. संगमाच्या वर दोन्ही नद्यांत एकेक आणि खाली एक, असे तीन नमुने घ्या. कार्तिकी उरकली, पूर ओसरला की सुरुवात करा, आणि निघण्याआधी आवर्तन कधी सुटणार ते पाटबंधारेवाल्यांना विचारून घ्या.