लिनक्सवर नेट आपोआप जोडायचं काम कुणाला द्यावं?

ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चा सपोर्ट संपला, आणि इंदूरला आमच्या राजेंद्रनगरात ओळखीपाळखीतल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपांवर डेबियन किंवा मिंट हे लिनक्स चढलं. त्यानंतर फोन येतात ते बहुतेक एकाच कारणासाठी: "नेट आपोआप लागत नाहीये, बघ ना जरा." बघायला गेलं की पहिला प्रश्न, मशीनवर नेट जोडायचं काम करतंय कोण? उमेदवार प्रोग्राम मुख्यतः तीन: नेटवर्कमॅनेजर, सिस्टमडी-नेटवर्कडी आणि डेबियनचं जुनं इफअपडाउन. सगळं सुरळीत असताना तिघेही चांगलेच. निवड करायची ती बिघडल्यावर कोण काय सांगतं यावरून.

लॅपटॉप असेल तर माझं मत सरळ नेटवर्कमॅनेजरला. रेड हॅटने 2004 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प आज बहुतेक डेस्कटॉपांवर आधीपासूनच असतो. केबल खोचली की स्वतःच प्रोफाइल (त्या जोडणीची सेटिंग) करतो, वायफाय लक्षात ठेवतो. आणि अडलं तर टर्मिनलमध्ये 'एनएमसीएलआय डिव्हाइस' (nmcli device) एवढं लिहिलं की प्रत्येक नेटवर्क कार्डासमोर त्याची अवस्था येते. कार्ड यादीतच नसेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) गडबड. डेबियन 12 पासून इन्स्टॉलरमध्येच फर्मवेअर येत असल्याने ही कटकट कमी झालीय. 'अनअव्हेलेबल' असेल तर केबल निघालेली किंवा वायफायचं बटण बंद. 'डिस्कनेक्टेड' म्हणजे कार्ड ठीक आहे, पण जोडणी होत नाहीये. बऱ्याचदा कुणीतरी हाताने 'डिस्कनेक्ट' दाबलेलं असतं. मग तुम्ही पुन्हा जोडेपर्यंत किंवा मशीन रीस्टार्ट करेपर्यंत ते स्वतःहून जोडत नाही. लागोपाठ चार प्रयत्न फसले तरी ते काही मिनिटं गप्प बसतं.

'अनमॅनेज्ड' दिसलं तर मात्र भानगड दोघांची, नेटवर्कमॅनेजर आणि इफअपडाउनची. डेबियन आधी डेस्कटॉपशिवाय वायफायवरून बसवलं आणि डेस्कटॉप नंतर घातला, की हे हमखास होतं. इन्स्टॉलरने कार्डाचं नाव आणि पासवर्ड इफअपडाउनच्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये लिहून ठेवलेला असतो, आणि त्या फाइलीत नाव असलेल्या कार्डाला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. घरी सगळं चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. लॅपटॉप ग्वाल्हेरला मामाकडे नेला की वायफायची यादीच दिसत नाही! उपाय सोपा: त्या फाइलीत 'लो'च्या (मशीन स्वतःशीच बोलतं त्या आतल्या जोडणीच्या) ओळी ठेवून कार्डाच्या ओळी काढायच्या आणि मशीन रीस्टार्ट करायचं.

दुसरी नेहमीची तक्रार, लॉगिन केल्याशिवाय वायफाय लागत नाही. पासवर्ड फक्त त्या यूझरच्या किल्ल्यांच्या पेटीत, म्हणजे कीरिंग किंवा केवॉलेटमध्ये, ठेवला असेल तर पेटी उघडेपर्यंत जोडणी होणार कशी? सेटिंगमध्ये पासवर्ड सर्व यूझरांसाठी ठेवा.

नेटवर्कमॅनेजरची एक खोड मात्र सांगायलाच हवी. लाइट गेली, राउटर इन्व्हर्टरवर नाही, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेला. लाइट आली, राउटर उठला, तरी लॅपटॉप हॉटस्पॉटलाच चिकटून! घरच्या वायफायची 'ऑटोकनेक्ट-प्रायॉरिटी' (आपोआप जोडतानाचा अग्रक्रम) वाढवली तरी चालू जोडणी तोडून तो परत येत नाही. तो आकडा फक्त नव्याने जोडताना उपयोगी पडतो. हॉटस्पॉट आपणच बंद करायचा, नाहीतर दिवसाचा डेटा गेलाच समजा.

सिस्टमडी-नेटवर्कडी हे एका जागी बसलेल्या, केबलवरच्या मशीनसाठी: दुकानातलं बिलिंग, घरचा फाइल सर्व्हर. चार ओळींची फाइल, कार्ड कुठलं आणि आयपी पत्ता कसा घ्यायचा, झालं. पण फाइलीतलं कार्डाचं नाव जुळलं नाही तर ते तक्रारही करत नाही, नुसतं बसून राहतं. आत नवं कार्ड बसवल्यावर 'ईएनपी2एस0'चं 'ईएनपी3एस0' होऊ शकतं, म्हणून नावाऐवजी मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ठरलेला क्रमांक) लिहिलेला बरा. वापरात नसलेलं एखादं पोर्ट त्याच्या ताब्यात असेल तर बूट होताना मशीन दोन मिनिटं ताटकळतं. त्या पोर्टाच्या फाइलीत 'रिक्वायर्डफॉरऑनलाइन' ला 'नो' करा. वायफायचा पासवर्ड ते स्वतः हाताळत नाही, त्यासाठी डब्ल्यूपीए-सप्लिकंट किंवा आयडब्ल्यूडी हा प्रोग्राम वेगळा लावावा लागतो. म्हणजे बिघाड शोधायला दोन लॉग (नोंदवह्या). लॅपटॉपवर हा उपद्व्याप कशाला?

इफअपडाउनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ठरलेला पत्ता असलेल्या जुन्या सर्व्हरवर चालू असेल तर चालू द्या. केबल निघाली-लागली याची दखल ते स्वतःहून घेत नाही, हे एकच कारण नव्या मशीनवर नको म्हणायला पुरेसं आहे.

उबंटूवाल्यांसाठी: तिथे 17.10 आवृत्तीपासून या सगळ्यांच्या वर नेटप्लॅन बसलाय, तो सेटिंग वाचून काम खालच्या प्रोग्रामला वाटून देतो. डेस्कटॉपवर तो काम नेटवर्कमॅनेजरला देतो, सर्व्हरवर नेटवर्कडीला. सर्व्हरवर बदल करायचा तो नेटप्लॅनच्या फाइलीत. खालची, नेटवर्कडीसाठी त्याने बनवलेली फाइल बदललीत तर तुमचं काम पुसलं जाईल.

केबलवरच्या मशीनवर नेटवर्कमॅनेजर नीट चालत असेल तर केवळ हौस म्हणून नेटवर्कडी आणू नका. आणायचंच ठरलं तर एका कार्डावर दोघांना सोडू नका. दोघेही पत्ता मागतात आणि कधी याचा रस्ता चालतो, कधी त्याचा. आणि जुन्याला लगेच अनइन्स्टॉल करू नका, नुसतं डिसेबल करा. रीबूटनंतर नवं लागलं नाही, तर जुनं पॅकेज परत उतरवायलाही नेटच लागतं.