श्रीलंकेहून आणलेल्या वस्तू: कोल्हापुरात एक पावसाळा काढल्यानंतर

जायच्या आधी मी 'श्रीलंकेत काय खरेदी कराल' छापाचे बरेच लेख वाचले होते. सगळे परत आल्या आल्या, बॅगा उघडायच्या आत लिहिलेले. आणलेली वस्तू पुढं वापरली गेली की शोकेसच्या वरच्या फळीवर जाऊन बसली, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी मुद्दाम थांबले. आम्ही जानेवारीत गेलो होतो आणि आता गणपती होऊन गेलेत. मधे कोल्हापूरचा पाऊस झाला, आणि आमच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल धरतात. त्यातून काय तगलं आणि काय नाही, ते लिहितेय.

आधी एक सांगते. आपल्याकडं येणाऱ्या पाहुण्यांना चप्पल घ्यायला महाद्वार रोडला नेणं हे घरातल्या कुणाला तरी करावंच लागतं, आमच्यात ते माझ्याकडं आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीनं घातलेली शिवण, तळाला खिळा नाही. ती चप्पल उलटी करून बघायची, वास घ्यायचा, वाकवायची. तिच्या शेजारीच रेक्झिनचा जोड टांगलेला असतो आणि त्यावरही 'ओरिजिनल कोल्हापुरी'च लिहिलेलं असतं. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्याच मालाला लावायचा हक्क) मिळालं, तरी तो जोड तिथून हललेला नाही. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल शहरात, किल्ल्यातल्या गल्ल्यांत फिरताना मी हीच सवय वापरली. "ओरिजिनल आहे का?" असं विचारायचंच नाही, कारण त्याचं उत्तर जगात सगळीकडं 'हो' असंच येतं. "कुठल्या गावात बनतं? कशापासून?" असं विचारायचं. ज्याला माहीत असतं तो गावाचं नाव घेतो आणि बोलत सुटतो. ज्याला माहीत नसतं तो "हँडमेड मॅडम, हँडमेड" एवढंच म्हणत राहतो.

सगळ्यात जास्त वापर झाला दालचिनीचा. बालपिटियाजवळ मादू नदीत छोटी छोटी बेटं आहेत, होडीतून फिरवतात. त्यातल्या एका बेटावर दालचिनी सोलून दाखवतात. पर्यटकांसाठी मांडलेला प्रकार आहे, हे कळतंच. पण हात खरे असतात. वरची खरबरीत साल खरवडून टाकली, पितळी दांड्यानं फांदी घासून आतली साल सैल केली, सुरीनं उभी चीर दिली आणि ती साल अखंड निघाली. मग पातळ सालींत बारीक तुकडे भरून एकात एक गुंडाळी. वाळलेली कांडी आडवी धरली तर टोकाला वर्तमानपत्राच्या गुंडाळीसारखे थर दिसतात. आपल्याकडं किराणा दुकानात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा जे मिळतं ते कॅशिया. जाड, एकाच सालीचं, लाकडासारखं कडक. झाडं एकाच कुळातली, पण वेगळी. श्रीलंकेच्या दालचिनीला २०२२ मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक मानांकन मिळालं आहे. प्रतीसुद्धा कांडीच्या जाडीवर ठरतात. 'अल्बा' सगळ्यात बारीक, सहा मिलिमीटरपर्यंत, आणि सगळ्यात महाग. घरच्या वापराला अल्बाची काही गरज नाही; सी, एम अशा खालच्या प्रती घेतल्या तरी चवीला तीच जात असते. हाताच्या चिमटीत चुरली पाहिजे, एवढं बघा.

आता स्वयंपाकघरातलं. पहिल्याच रविवारी नवऱ्यानं मोठ्या हौसेनं पांढऱ्या रश्श्याला तीच घातली. वास छान आला, पण शिजताना कांडीचे थर सुटले आणि नारळाच्या दुधात सालीचे कपटे तरंगायला लागले. कॅशियाचा तुकडा पातेल्यातून उचलून बाजूला ठेवता येतो, हिचं तसं नाही. जेवताना सासूबाई प्रत्येक घोटाला काहीतरी दातातून काढत होत्या. आता पांढऱ्यासाठी मी ती फडक्यात बांधून सोडते. तांबड्याला मात्र घालूच नये. कांदा-लसूण मसाल्याच्या तिखटापुढं तिचा गोडसर, नाजूक वास टिकत नाही, तिथं आपली जाडजूड कडकच हवी. आमच्या वर्षाच्या मसाल्यातही मी हिला हात लावला नाही. खरी जागा तिची चहात, शिऱ्यात, तांदळाच्या खिरीत आणि सफरचंद उकडून देताना. मिक्सरला एका फिरकीत पूड होते, छोट्या भांड्याचं पातं खडखडत नाही. आणि रोज खायची असेल तर एक गोष्ट खरंच महत्त्वाची आहे: कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, जास्त प्रमाणात ते यकृताला बाधतं, श्रीलंकेच्या दालचिनीत ते नावापुरतं असतं. शेजारचे काका साखरेसाठी म्हणून रोज सकाळी दालचिनीचं पाणी पितात. साखर किती उतरते ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, पण प्यायचंच असेल तर निदान ही प्या, असं म्हणून मी त्यांना एक पुडा दिला. त्यांनी दुसरा मागितला, यातच काय ते आलं.

काचेच्या घट्ट बरणीत ठेवलेली दालचिनी पावसाळाभर जशीच्या तशी राहिली. प्लास्टिकच्या पुड्यात राहिलेलीचा वास निम्मा उडाला. आणि हो, हेच झाड कोकणातही लावतात, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोंकण तेज' नावाची जातही काढली आहे. त्यामुळं बरणी संपल्यावर कोलंबोचं तिकीट काढायला लागणार नाही, सिंधुदुर्गातून कुणी येणारं असलं की झालं.

दुसरी वस्तू गूळ. कोल्हापूरकराने परदेशातून गूळ आणणं म्हणजे कमालच, हे सगळ्यांनी ऐकवून झालंय. पण हा उसाचा नव्हे. कितुल नावाच्या माडाचा, म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड तोच. झाडावर चढून फुलोऱ्याला काप द्यायचा, रस धरायचा, आटवायचा. पातळ ठेवला तर काकवी, आणखी आटवून नारळाच्या करवंटीत ओतला तर अर्धगोल ढेप. चवीला धुरकट, किंचित कडवट गोडी. तिकडं म्हशीच्या दुधाचं दही मातीच्या मडक्यात लावतात आणि वरून ही काकवी सोडून खातात. आपल्याकडं म्हशीच्या दह्याला तोटा नाही, त्यामुळं हा पदार्थ घरात आल्या दिवसापासून रुळला. मुलं आता आइस्क्रीम मागत नाहीत असं म्हणणार नाही, पण दही उरत नाही एवढं खरं.

घेताना मात्र जपून. कितुलात साखर मिसळायचा धंदा तिकडंही चालतो, आणि साखर घातलेला गूळ कसा दिसतो हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. फार पिवळाधमक, कडक, मोडला की चकाकणारा गूळ असेल तर हात मागं घ्या. मी एका रस्त्याकडेच्या दुकानातून ढेप घेतली आणि एक होमस्टेवाल्या अक्कांच्या ओळखीच्या घरातून. दुकानातली नुसतीच गोड निघाली, धुराचा वास कुठंच नाही. घरातली काळपट, मऊ, बोटाला चिकटणारी. पण तीच पावसाळ्यात आधी पाघळली. जूनच्या शेवटी डब्यात पाणी सुटलं आणि मी ती वितळवून काकवीतच जमा केली. काकवीची बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर राहिली तर आंबते. विमानात ती चेक-इनच्या बॅगेत, झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत. आमच्या बाटलीनं एका पिशवीला पाझर फोडलाच होता.

चहाबद्दल थोडक्यात, कारण चहा सगळेच आणतात. खोक्यावर हातात तलवार घेतलेल्या सिंहाचं चिन्ह बघा; तिथल्या चहा मंडळाचं ते चिन्ह म्हणजे आत फक्त सिलोनचा चहा आणि भरलेलाही तिथंच. पण कुणाला कुठला द्यायचा हे कुणी सांगत नाही. नुवारा एलियाचा चहा सहा हजार फुटांवरचा, फिकट, सुगंधी. तो मी मोठ्या जाऊबाईंना भेट दिला, त्यांनी दूध, साखर, आलं घालून नेहमीसारखा खळाखळा उकळला आणि "ह्यात काय विशेष गं?" म्हणाल्या. त्यांचंही बरोबरच आहे. आपल्या दुधाच्या चहाला दोन हजार फुटांखालचा, रुहुणा भागातला, बारीक दाण्याचा चहा घ्यावा; रंग दाट, दुधात बुडत नाही. लांब पानाचा, उंचावरचा चहा फक्त कोरा पिणाऱ्यांना. पुठ्ठ्याच्या खोक्यातला ऑगस्टपर्यंत मिळमिळीत झाला, पत्र्याच्या डब्यातला अजून ठीक आहे.

बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या नक्षीची, दोन कापडं. एक गॉलजवळच्या छोट्या कारखान्यातलं, जिथं बायका मेण लावताना दिसत होत्या. दुसरं किनाऱ्यावरच्या टपरीतलं, निम्म्या किमतीचं, मुद्दाम तुलनेला घेतलेलं. फरक डोळ्यांना लगेच दिसतो. मेणाच्या बाटिकला रंग दोन्ही बाजूंना सारखा चढतो आणि मेण तडकतं तिथं केसाएवढ्या बारीक रेषा उमटतात, कुठंही एकसारख्या नाहीत. छापील कापडाची उलटी बाजू फिक्कट असते, आणि तडे गेल्याचं नक्षीकाम हातभर अंतरावर पुन्हा तसंच्या तसं येतं. वापरात उलटंच काहीतरी झालं, ते प्रामाणिकपणे सांगते: छापील कापडाचा रंग पक्का निघाला. खऱ्या बाटिकनं पहिल्या धुण्यात बादलीभर निळं पाणी सोडलं आणि नवऱ्याचे दोन पांढरे बनियन आकाशी करून टाकले. वेगळं, थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवत गेले तसं चौथ्या-पाचव्या धुण्यानंतर शांत झालं. आता ते सासूबाईंच्या पलंगावर असतं आणि मऊ पडलंय. टपरीवालं अजून कडक आहे, ते इस्त्रीच्या टेबलावर घातलंय.

मुखवट्यावरून मात्र घरात दोन पक्ष आहेत. अंबलंगोडा हे मुखवट्यांचं गाव, कदुरू नावाच्या हलक्या लाकडातून कोरतात. तिकडच्या आजार घालवायच्या सन्नी विधीत अठरा आजारांचे अठरा राक्षस, प्रत्येकाचा वेगळा चेहरा. मी घेतला तो नागराक्षस, डोक्यावर फण्यांचा मुकुट, डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबणारी. दृष्ट लागू नये म्हणून दारावर लावतात म्हटल्यावर सासूबाईंनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "लिंबू-मिरची काय वाईट होती?" तरी लावला. गॅस सिलिंडरवाला पोरगा पहिल्यांदा दचकला, आता त्याला नमस्कार करून आत येतो. जुलैत भिंतीकडच्या, रंग नसलेल्या बाजूला पांढरी बुरशी धरली. उन्हाची तिरीप येईल तेव्हा बाहेर काढून कोरड्या फडक्यानं पुसला, मागून पारदर्शक वॉर्निशचा हात दिला, आणि भिंत व लाकूड यांच्यात बुचाचे दोन तुकडे चिकटवले. त्यानंतर पुन्हा बुरशी आली नाही. घेणार असाल तर मागची बाजू बघाच. छिन्नीचे व्रण दिसले तर हाताचं काम. गुळगुळीत आणि वजनाला जड असेल तर तो साच्यातून काढलेला, लाकूड नव्हेच.

उरलेल्या वस्तू पटापट. करवंटीचे चमचे आणि डाव: सगळ्यात स्वस्त आणि रोजच्या वापरातले, नॉनस्टिक तव्याला ओरखडा नाही. दांडा दोऱ्यानं बांधलेला घ्या, नुसता चिकटवलेला घेतला तो गरम आमटीत महिन्याभरात सुटला. हत्तीच्या शेणापासून केलेल्या कागदाच्या वह्या: वास अजिबात येत नाही, कागद जाडसर, शाईपेन पसरतं, पेन्सिल छान चालते. भाच्यांनी त्या वर्गात मिरवून घेतल्या. सासूबाईंनी मात्र देवघराच्या फळीवर ठेवायला मनाई केली. वास्तविक शेणाचं आपल्याला वावडं असायचं कारण नाही, पण हत्ती पडला परका. फ्रिजवरचे चुंबक कारखान्यातले, गावाचं नाव बदललं की कुठंही विकता येतील असे, त्यांच्यावर वेळ घालवत नाही.

शंख, प्रवाळ आणि कासवाच्या पाठीचे कंगवे किनाऱ्यावर कुणी हळूच दाखवलेच तर पुढं चालायला लागा. सागरी कासवांच्या वस्तूंच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे, प्रवाळ परवान्याशिवाय नेता येत नाही, आणि विमानतळावर पकडले गेलात तर "आठवण म्हणून घेतलं" हे कुणी ऐकत नाही. रत्नांच्या नादालाही मी लागले नाही. रिक्षावाला आपण होऊन "माझ्या भावाचं दुकान" म्हणायला लागला की पर्स आवळून धरायची, हे काय फक्त श्रीलंकेतच लागू आहे असं नाही.

भाव करायचा की नाही, हे बऱ्याच जणींनी विचारलं. लक्सला या सरकारी दुकानांत किमती ठरलेल्या असतात, तिथं आधी एक फेरी मारून भाव डोक्यात ठेवा, मग बाहेर बोला. आपल्या एका रुपयाला तिकडचे तीनहून जास्त मिळतात, त्यामुळं आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मग भागाकार केला की हसू येतं. कारागीर स्वतः समोर बसलेला असेल तिथं मी फारसं ताणलं नाही. आपल्या सुभाषनगरात कुणी चपलेचा अंगठा विणत बसलेला असताना पाहुणा निम्मी किंमत करतो, तेव्हा मला जे वाटतं ते आठवत होतं.

नणंद डिसेंबरमध्ये निघालीय. तिला यादी दिलीय: दालचिनी अर्धा किलो, काकवीच्या दोन बाटल्या, करवंटीचे डाव चार. खाली सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, "मुखवटा नको."