सुदानची नाणी आणि कॅटलॉगमधल्या व्हरायटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जागतिक नाण्यांचा जाडजूड कॅटलॉग घेतला तेव्हा डोक्यात एकच काम होतं. लॉटमध्ये, म्हणजे एकगठ्ठा मिळालेली सुदानची १४० नाणी सालवार लावायची. आठ महिने तो रोज रात्री टेबलावर उघडा असतो. पुस्तक उपयोगाचं आहे, पुन्हा घ्यायची वेळ आली तरी घेईन. पण त्यात छापलेल्या प्रत्येक व्हरायटीचं, म्हणजे एकाच नाण्याच्या चित्रात किंवा अक्षरांत थोडा फरक असलेल्या उपप्रकाराचं, नाणं खरोखर आहे, यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

सुरुवातीची मालिका सरळ आहे. १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला आणि त्या सालच्या नाण्यांवर उंटावरचा टपालवाला आला. १८९८ पासून तिथल्या टपाल तिकिटांवर असलेलाच हा स्वार. मिलीम ब्राँझचे, गिर्श तांबं-निकेलचे, दहा मिलीमचा एक गिर्श आणि शंभर गिर्शांचा पौंड. इथे पुस्तक आणि नाणी छान जुळतात.

घोळ सुरू होतो तो लष्करी शासक निमेरींच्या काळात. मे १९६९ मध्ये त्यांनी सत्ता घेतली, देशाच्या नावात ‘लोकशाही’ शब्द आला आणि पुढे उंटाच्या जागी सेक्रेटरी पक्ष्याचं (लांब पायांचा आफ्रिकी शिकारी पक्षी) राजचिन्ह आलं. या पक्ष्याबरोबर एक फीत आहे. कॅटलॉग म्हणतो, एका प्रकारात फितीचे तीन भाग सारखे, दुसऱ्यात मधला लांब आणि बाजूचे आखूड. हे खरं आहे. दोन्ही नाणी शेजारी ठेवली की भिंगाशिवायही कळतं. पण याच्या पुढे जाड फीत, बारीक फीत, मोठी अक्षरं, लहान अक्षरं असे फाटे फुटतात, तेही फोटोशिवाय. तिथे मी अडलो. नाणं पाडायचा कोरलेला ठसा झिजत आला की फीत आपोआप जाड आणि बोथट उमटते. प्रूफ नाण्यावर, म्हणजे संग्राहकांसाठी खास काळजीने पाडलेल्या नाण्यावर, तीच फीत धारदार दिसते. दोन्हींमागचं चित्र एकच असेल तर त्याला वेगळी व्हरायटी कसं म्हणायचं?

सालाचा गोंधळ त्याहून मोठा. नाण्यावर हिजरी (इस्लामी) आणि इसवी अशी दोन्ही सालं असतात, अरबी आकड्यांत. आपल्या डोळ्यांना हे आकडे फसवतात. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल, अरबी शून्य म्हणजे नुसता ठिपका, अरबी नऊ आपल्या एकासारखा आणि सहा इंग्रजी सातासारखा. पहिल्या आठवड्यात मी १९५६ चं नाणं १९०७ म्हणून वहीत लिहिलं होतं. पुण्यात सुदानी विद्यार्थी बरेच आहेत, आमच्या शेजारच्या इमारतीतल्या एकाने तासभर बसून आकडे समजावले, तेव्हा कुठे वही दुरुस्त झाली. हिजरी १४०० च्या घासलेल्या नाण्यावर तर शेवटचे दोन ठिपके कधीकधी उरतच नाहीत. शिवाय हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे एका इसवी सालाला दोन हिजरी सालं लागू पडतात. १९८३ मध्ये १४०३ चालू होतं आणि ऑक्टोबरात १४०४ लागलं. अशा वेळी कॅटलॉगमधली हिजरी-इसवी सालांची एखादी जोडी नाणं हातात घेऊन लिहिली की सालं जुळवायच्या कोष्टकावरून, हे नोंद वाचून कळत नाही. एकदा छापलं की पुढच्या आवृत्तीत ते तसंच उतरत जातं.

याचा फटका मलाही बसला. एका विक्रेत्याने ‘जाड फितीची दुर्मीळ व्हरायटी’ म्हणून दहा गिर्शचं एक नाणं १,८०० रुपयांना दिलं. कॅटलॉगमधला क्रमांक पाकिटावर व्यवस्थित लिहिलेला होता. घरी भिंगाखाली पाहिलं, तर पक्ष्याची पिसं आणि अक्षरांचे कोपरेही तितकेच बोथट होते. म्हणजे झिजलेला ठसा, बाकी काही नाही. संग्राहक क्रमांकावर विश्वास ठेवून पैसे मोजतो, म्हणून छापणाऱ्याने नाणं पाहूनच छापावं, असं मला मनापासून वाटतं.

याउलट खार्टुमजवळच्या ओमदुर्मान शहरातली जुनी नाणी. सुदानमधल्या बंडाचा धार्मिक नेता महदी याच्यानंतर त्याचा वारस खलिफा अब्दुल्लाहीच्या राज्यात, १८९८ मध्ये इंग्रज-इजिप्शियन फौजेकडून झालेल्या पराभवापर्यंत पाडलेली. तुर्की नाण्यांची नक्कल, ठसे हाताने कोरलेले, आणि चांदी कमी कमी होत शेवटी जवळजवळ तांबंच. माझ्याकडे अशी तीनच आहेत आणि तिन्हींवरचं कोरीव काम वेगळं. इथे फरक शंभर टक्के खरे आहेत, पण मोजायला गेलं तर जितके ठसे तितक्या व्हरायटी. कॅटलॉगने काही मोजके प्रकार घेतले आहेत आणि ते योग्यच वाटतं.

आता माझी पद्धत ठरली आहे. प्रत्यक्ष पाहिलेल्या नोंदीवर शाईने खूण, नुसत्या छापलेल्या नोंदीवर पेन्सिलने. दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो मिळाला तरच पेन्सिल पुसतो. पाच गिर्शच्या पानावर अजून पेन्सिलच जास्त आहे. त्या १,८०० च्या नाण्याचं पाकीट मी बदललं आणि त्यावर फक्त साल लिहिलं.